बोळकांडीचा दिवा

घर तसं उजेडाचं होतं. निजायच्या खोलीला पूर्वेची खिडकी, स्वयंपाकघराला पश्चिमेची. सूर्य एकीकडून यायचा आणि दुसरीकडून जायचा. पण या दोन खोल्यांच्या मध्ये एक बोळकांडी होती, तिच्या वाट्याला काहीच आलं नव्हतं. खिडकी नाही, झरोका नाही. भर दुपारीसुद्धा तिथून जायचं तर भिंत चाचपत जावं लागायचं. दिवा होता, नाही असं नाही. पण त्याचं बटण स्वयंपाकघराच्या टोकाला. म्हणजे पलंगावरून उठलेल्या माणसाने आधी सगळा अंधार तुडवायचा आणि अंधार संपला की मग दिवा लावायचा.

इतकी वर्षं घरातल्या नवराबायकोने तो अंधार तसाच तुडवला. पायांना पाठ होता तो, जिभेला नाव पाठ असावं तसा. मग एकदा न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं राहिलं. ते दार बाहेर, बोळातच उघडायचं. पाणी प्यायला उठलेले मिस्त्री त्याच्या कडेवर असे काही आपटले की कपाळाला टाके पडले आणि डोळ्याखाली वांग्यासारखा रंग चढला. कुणी विचारलं की ते सांगायचे, दाराशी बोलाचाली झाली, आता मिटलंय.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या इमारतींत माणसं वर नेणारे आणि खाली आणणारे पिंजरे दुरुस्त केले. स्वतः राहिले तळमजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आता निवृत्त झाले होते, तरी गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यातली जुनी लिफ्ट अजून त्यांच्याच हाताला वळत होती. सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. तिचा आवाज ऐकून ते सांगायचे, आज हिची तब्येत बरी नाही.

त्यांची बायको कपडे शिवायची. सगळी गल्ली तिला शिवणकाकू म्हणे. मिस्त्री मात्र नुसतं ‘अगं’ म्हणत, आणि काकू ‘अहो’ म्हणत. त्या दोन हाकांत त्यांचा सगळा संसार मावला होता.

आणि एक लेक होती, चिऊ. चिऊ लांबच्या शहरात, चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत नवऱ्याबरोबर राहायची. तिला दिवस गेले होते आणि डॉक्टरांनी तिला पलंगावरून फार हलायचं नाही असं बजावलं होतं. प्रवासाचं तर नावच नको. नवरा रजा काढून घरी होता, पण रजा ती, किती पुरणार. चिऊचा रोज फोन यायचा आणि रोज ती शेवटी एकच विचारायची, आई, तू कधी येतेस?

काकूंचा जीव अर्धा तिकडे जाऊन बसला होता. उरलेला अर्धा इथे टाक्यांकडे बघत होता. मिस्त्रींना सोबत न्यावं तर चिऊच्या खोलीत माणूस काय, जास्तीची उशीही मावत नव्हती. आणि दवाखान्याच्या लिफ्टला दुसरं कुणी वाली नव्हतं. शेवटी काकूंनी चहाचा कप खाली ठेवून निकाल सांगितला. बोळातला दिवा पलंगापासून लागायला लागला की दुसऱ्या दिवशी निघते. त्याआधी पाऊल उचलणार नाही. पुन्हा आपटलात आणि घरात कुणी नसलं तर उचलणार कोण, ते दार?

मिस्त्री म्हणाले, दोन बटणांचं काम आहे.

काकू म्हणाल्या, मग करा.

काम खरंच दोन बटणांचं होतं. एक जिन्याला लावतात तसलं बटण इकडे, एक तिकडे, मध्ये भिंतीवरून वायरची पट्टी. कुठूनही लावा, कुठूनही मालवा. काकूंनी उशीर नको म्हणून कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावलंसुद्धा. त्याने बोळात मान घालून पाहिलं, भिंत टकटक वाजवली आणि सांगितलं की चहा ठेवा, उकळेपर्यंत झालं असेल.

मिस्त्रींनी त्याला स्टुलावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. समजा, माणूस झोपेत आहे आणि अंधारात त्याला बटणच सापडलं नाही तर? समजा, दिवा लागला, पण दार उघडंच आहे हे त्याला दिसलं नाही तर? समजा, बटण आतून जळालं तर ते जळालंय हे कळणार कधी? पडल्यावर?

वायरमन म्हणाला की काका, एवढा विचार केला तर माणूस पंखासुद्धा लावणार नाही. मिस्त्री म्हणाले की एवढा विचार केला म्हणून आजवर आमच्या लिफ्टमधून कुणी खाली आलं नाही, म्हणजे यायचं नाही तसं आलं नाही. वायरमनने चहा घेतला, पिशवी उचलली आणि जाताना काकूंना हळूच सांगून गेला, लागलं तर बोलवा, मी जवळच आहे.

त्याच दुपारी मिस्त्रींनी पलंगाखालची लोखंडी पेटी ओढून काढली. मोडीत निघालेल्या लिफ्टांमधून वाचवून आणलेला त्यांचा सगळा जीव त्या पेटीत होता. रिले होते, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर टक् करून उघडझाप करणारे डबीएवढे तुकडे; पितळेची बटणं होती, त्यांवरचे आकडे बोटांनी पुसून गेलेले; दारांचे कॉन्टॅक्ट होते, दार मिटलं की जुळणारे, उघडलं की सुटणारे. एकेक वस्तू फडक्याने पुसून ते पलंगावर मांडत गेले. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना वाटलं, दुकान मांडलंय. मग नवऱ्याचा चेहरा पाहिला. कपाळावर पट्टी, ओठांवर शीळ. आपटल्यापासून शीळ अशी ऐकू आलीच नव्हती.

बोळाच्या भिंतीवर एक लोखंडी पॅनेल चढलं. कपाटाएवढं नाही, पण कपाटाचं धाकटं भावंड म्हणावं एवढं. त्याला दार, दाराला कडी. आत रिलेंच्या रांगा आणि वायरी, एकीलाही वाकडं वळण नाही. पलंगाजवळ पितळी बटण बसलं, बाण वरच्या दिशेचा. शेजारीण मापं द्यायला आली होती, तिने ते पाहिलं आणि काकूंना विचारलं, हे दाबल्यावर स्वयंपाकघर वर जातं की खाली? ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही. मग दूधवालाही विचारू लागला, लिफ्ट आज कुठल्या मजल्यावर?

संध्याकाळी चिऊचा फोन आला. बाबा, झालं का दिव्याचं?

“काम चालू आहे,” मिस्त्री म्हणाले.

लिफ्टच्या कामात एक रीत असते, आणि मिस्त्रींच्या ती हाडात मुरलेली होती. प्रत्येक मजल्याच्या दाराला एक कॉन्टॅक्ट, पिंजऱ्याच्या दाराला एक, खालच्या खड्ड्यात एक, आणि हे सगळे एकाच तारेत, माळेत मणी ओवावेत तसे ओवलेले. त्या माळेला ते साखळी म्हणत. साखळीतल्या प्रत्येकाने ‘मी ठीक आहे’ म्हटल्याशिवाय लिफ्ट जागची हलत नाही. एकाने जरी नाही म्हटलं तरी सगळं थांबतं. मिस्त्री सांगायचे, माणसांचं असं असतं तर जगात कुणी पडलं नसतं.

म्हणून बोळातल्या दिव्यालाही साखळी आली. पहिला मणी अर्थातच न्हाणीघराच्या दाराचा. कपाळ त्यानेच फोडलं होतं. मिस्त्रींनी कॉन्टॅक्ट बसवला, जोडणी केली आणि काकूंना बोलावून दाखवलं. दार मिटलेलं, बटण दाबलं, पॅनेलमध्ये टक् झालं आणि दिवा लागला. मग त्यांनी दार उघडलं. पुन्हा टक्. दिवा गेला.

काकूंनी त्या काळोखात दार चाचपलं.

“अहो, दार मिटलेलं असलं की दिवा लागतो.”

“हो.”

“आणि उघडं असलं की लागत नाही.”

“साखळी तुटते ना. धोका असला की सगळं बंद.”

“मग उघडं दार दिसायचं कसं? पुन्हा कपाळानेच?”

अंधारात मिस्त्रींचा चेहरा दिसत नव्हता, पण शीळ थांबली होती. मग ते म्हणाले की लिफ्टमध्ये धोका असला की थांबवायचं असतं, घरात धोका असला की दाखवायचं असतं, हा फरक लक्षात आला नव्हता. काकू म्हणाल्या, माझ्या आला. मग मिस्त्रींनी अख्खी साखळी उलटी फिरवली. सगळं ठीक असेल तोवर दिवा निजलेला राहील. एक मणी जरी सुटला तरी जागा होईल. दार उघडलं की दिवा. वायर तुटली तरी दिवा. बटण शोधायलाच नको. सगळं नव्याने जोडायला लागणार होतं, आणि त्या विचाराने मिस्त्री इतके खूश झाले की स्वतःच चहा टाकून आले.

चिऊचा फोन आला. काम चालू होतं.

साखळी लांबत गेली. पलंगावर गादीखाली दोन पट्ट्या आल्या, एक मिस्त्रींच्या बाजूला, एक काकूंच्या. जुन्या लिफ्टच्या पिंजऱ्यात तळाच्या फळीखाली असायच्या तसल्या. आत माणूस आहे की नाही हे त्यांना त्याच्या वजनावरून कळायचं. गादीखाली घरचा करंट नेणार नाही, अगदी बारीक करंट, मुंगी चावल्याइतकाही लागणार नाही, हे मिस्त्रींनी काकूंना तीनतीनदा समजावलं. माणूस निजलेला असला की त्याच्या बाजूची साखळीतली कडी जुळलेली. उठला की सुटली, आणि पाय जमिनीला लागायच्या आत बोळात उजेड. मग एक घंटीही आली, एक उठलं की दुसऱ्याला कळावं म्हणून. ती एकदाच वाजली. काकू म्हणाल्या की न्हाणीघरात जायची आता दवंडी पिटणार का? मिस्त्रींनी घंटीला फडकं गुंडाळलं.

आणि काकू? काकू टोमणे मारत होत्या, पण टोमणे मारता मारता त्यांनी शिवणयंत्र पुढे ओढलं. भिंतीवरून उघड्या वायरी बऱ्या दिसत नाहीत म्हणून त्यांनी वायरींना खोळ शिवली, पडद्याच्या उरलेल्या कापडाची, आतून दुहेरी शिलाईची. खोळीला बटणं लावली, उद्या उघडायची झाली तर. मग बटणं वायरीच्या रंगाला शोभेनात म्हणून उसवली आणि दुसरी लावली. यंत्राच्या तालावर त्या गुणगुणत राहिल्या. त्यांना ओव्या सुचायच्या, पाय हलू लागले की आपोआप:

“बोळातल्या दिव्या, तुला किती रे तारा,
एवढ्याशा उजेडाला केवढा पसारा.”

पलीकडे पाना फिरवणारे मिस्त्री ऐकत होते. त्यांना हसू आलं, पण मागे वळून त्यांनी ते दाखवलं नाही. खरी गोष्ट दोघांनाही ठाऊक होती. दिवा झाला की ती जाणार. म्हणून याचा पाना सावकाश फिरत होता. आणि हिला स्वतःलाच नवल वाटत होतं की तिची सुईसुद्धा सावकाश का चालली आहे. लग्न झाल्यापासून दोघं कधी वेगळी राहिली नव्हती. लेकीचा संसार लावून द्यायला गेली ती दोघं, माघारी आली ती दोघं. एकाच बाजूने झिजलेल्या चपलेसारखी सवय होती ती. पायात असेपर्यंत कळत नाही.

मग चिऊचा दुपारी फोन आला. दुपारी ती कधी करत नसे. नवऱ्याची रजा संपली होती, सोमवारपासून तो कामावर जाणार होता. त्यानंतर दिवसभर ती एकटी. तिने दिव्याचं विचारलं नाही. कधी येतेस, तेही विचारलं नाही. एवढंच म्हणाली की पाण्याचा तांब्या उशाशी भरून ठेवायला सांगितलाय, होईल माझं, तुम्ही घाई करू नका.

काकूंनी फोन ठेवला. यंत्रावर खोळीचा शेवटचा तुकडा अर्धा शिवून पडला होता. त्यांनी तो पुरा केला, दोरा दाताने तोडला आणि कपाटावरची बॅग खाली काढली.

मिस्त्री बोळात स्टुलावर उभे होते. बॅगेच्या चेनचा आवाज त्यांनी ओळखला. ते खाली उतरले, दारात आले आणि बघत राहिले. दोन लुगडी, औषधांची डबी, बाळासाठी जुन्या मऊ धोतरांची शिवलेली दुपटी. एवढी दुपटी हिने केव्हा शिवली? वायरींच्या खोळीबरोबरच शिवली असणार. आपल्याला एकच कापड दिसत होतं.

“रविवारी निघते,” काकू म्हणाल्या. “तुमचं व्हायला हवं तोवर.”

“झालंय,” मिस्त्री म्हणाले. आणि ते खरं होतं. मधले काही दिवस ते नुसते स्क्रू सैल करून पुन्हा आवळत होते.

रविवारी, गाडीला अजून अवकाश असताना, चाचणी झाली. लिफ्ट सुरू करून देताना जसं सगळ्यांसमोर करून दाखवतात तसं मिस्त्रींना करून दाखवायचं होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला. निजायच्या खोलीचा पडदा ओढून घेतला. मग दोघं पलंगावर आपापल्या बाजूला आडवी झाली, उताणी, हात पोटावर ठेवून. भर दुपारी असं निजायची काकूंना लाज वाटत होती. बोळात टक् झालं आणि दिवा विझला.

“आता मी उठतो.”

ते उठले. टक्. बोळ उजळला. न्हाणीघराचं दार, उंबरा, पायपुसणं, सगळं लख्ख. ते परत आडवे झाले, दिवा विझला. काकू उठल्या, दिवा लागला. आडव्या झाल्या, विझला. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून आडवी झाली, दिवा जळत राहिला; मिटून आडवी झाली, विझला. एकदाही चूक नाही. काकूंना मनातून कौतुक वाटलं. वेडा पसारा खरा, पण पसाऱ्याला अक्कल होती. त्या म्हणाल्या की छान झालंय हो. मिस्त्री नुसते ‘हं’ म्हणाले, पण उशीवरचे त्यांचे कान तांबडे झाले.

मग काकू उठल्या, पदर सारखा केला आणि बॅग उचलून दाराशी गेल्या. मिस्त्री अजून पलंगावरच होते, छताकडे बघत. बोळातला दिवा जळत होता. त्याचा उजेड सरळ खोलीत येऊन बरोबर उशीवर पडला होता. मिस्त्रींना उजेडात झोप लागायची नाही. घड्याळाचे चमकणारे काटेसुद्धा ते रुमालाने झाकत.

काकू दारात थांबल्या. पलंगाकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं.

“मी गेल्यावर हा विझणार कधी?”

मिस्त्री उठून बसले. मग पुन्हा आडवे झाले, जणू त्याने काही बदलणार होतं. दिवा जळतच राहिला. काकूंच्या बाजूची कडी सुटलेली होती. दिव्याच्या लेखी काकू उठून न्हाणीघरात गेल्या होत्या आणि अजून आल्या नव्हत्या. तो त्यांच्यासाठी जागा होता.

“तू आल्यावर,” मिस्त्री म्हणाले.

ते मुद्दाम केलेलं नव्हतं. त्यांचा चेहराच सांगत होता. दार उघडं राहिलं तर, वायर तुटली तर, रिले चिकटला तर, बल्ब गेला तर, असे सगळे ‘तर’ त्यांनी मनात घोळवले होते. हे काम ज्या एका कारणासाठी काढलं होतं, तेवढंच सुटलं होतं. पलंगाची दुसरी बाजू रिकामी असेल, हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. एकट्या माणसासाठी दिवा करायला बसले आणि दोघांचा करून ठेवला.

काकूंनी बॅग खाली ठेवली. हसायचं की काय करायचं ते त्यांना कळेना. गाडीची वेळ जवळ येत होती. आता दिवा झाला नाही असं म्हटलं तर राहता आलं असतं. शब्द त्यांचाच होता. मिस्त्रींनाही ते सुचलं असावं, कारण त्यांनी बायकोकडे बघायचं टाळलं आणि ते पट्टीचा कोपरा चाचपत बसले. चिऊच्या उशाचा तांब्या दोघांच्याही डोळ्यांसमोर होता.

काकूंनीच आधी तोंड उघडलं. त्या म्हणाल्या की शिवणयंत्राचं डोकं जड आहे, उचलून माझ्या बाजूला ठेवा, पट्टी दबेल. मिस्त्रींनी मान हलवली. नको. तिच्या जागी लोखंड निजवायचं आणि रात्रभर त्याच्या शेजारी पडायचं, हे त्यांना सोसणार नव्हतं. मग काकू म्हणाल्या, तर माझी बाजू साखळीतून काढूनच टाका, तुमच्या एकट्याचीच ठेवा.

तेही मिस्त्रींना करवेना. मग उठले, बोळात गेले, आणि पॅनेलचं दार उघडल्याचा आवाज आला.

काकू मागोमाग गेल्या तेव्हा ते हातात वायरचा तुकडा घेऊन उभे होते. सुटलेल्या कडीच्या दोन टोकांना बाहेरून वायर जोडली की साखळीला वाटतं कडी जुळली आहे. याला जंपर म्हणतात. काकूंना हे नाव ठाऊक होतं, कारण घरात ते शिवीसारखं उच्चारलं जायचं. मिस्त्रींच्या एका सोबत्याने एकदा घाईत असा जंपर लावला, काढायला विसरला, आणि दार उघडं असताना लिफ्ट निघाली. त्याच्या हाताची दोन बोटं गेली. तेव्हापासून मिस्त्रींनी साखळीला खोटं बोलायला लावलं नव्हतं. कुणी मालक घाई करो, कुणी साहेब ओरडो. ते हत्यारं आवरून घरी यायचे, पण जंपर लावायचे नाहीत.

“लावायचाच झाला तर एक नियम आहे,” मिस्त्री पॅनेलकडे बघत म्हणाले. “लपवायचा नाही. लाल वायरचा लावायचा, आणि लांब. त्याचा फास दारातून बाहेर लोंबायला हवा, म्हणजे पॅनेलचं दार मिटणारच नाही. जो येईल त्याला कळायला हवं की इथलं काहीतरी जागेवर नाहीये. तात्पुरतं चाललंय.”

“मग तसा लावा.”

“काढायला कुणी आलं नाही, तर तो तसाच राहतो.”

“मी येईन ना काढायला,” काकू म्हणाल्या. “माझ्या हाताने काढीन. तुम्ही हात लावायचा नाही.”

पेटीत लाल वायर नव्हती. काळी होती, पिवळी होती. मिस्त्री अख्खी पेटी धुंडाळायला लागले, आणि आता हे शोधण्यात गाडी जाणार असं दिसू लागलं. काकूंनी यंत्राच्या खणातून लाल कापडाची पट्टी काढली, काळ्या वायरवर दुमडून घातली आणि उभ्या उभ्या हाताने शिवत नेली, धावदोऱ्याचे लांब टाके घालत. या वेळी त्यांची सुई सावकाश चालली नाही. शेवटची गाठ मारून त्यांनी वायर नवऱ्याच्या हातात दिली. मिस्त्रींनी तिचं एक टोक आवळलं, दुसरं आवळलं. मग ते जाऊन पलंगावर आडवे झाले, टक् झालं आणि बोळ काळोखात बुडाला.

काकू त्या काळोखात पॅनेलशी उभ्या होत्या. अर्धवट उघड्या दारातून बाहेर लोंबणारा मऊ फास त्यांच्या बोटांना लागला. यंत्र नव्हतं, पाय हलत नव्हते, तरी त्यांना सुचलं आणि त्या दिव्याला म्हणाल्या:

“बोळातल्या दिव्या, आता शहाण्यासारखा वाग,
तो निजला की नीज, आणि तो जागला की जाग.”

आतून मिस्त्रींनी विचारलं की काही म्हणालीस का. काकू म्हणाल्या, दिव्याशी बोलत होते, तुमचं काही नाही. मिस्त्री उठले, बोळात उजेड झाला, आणि त्या उजेडात त्यांनी बॅग उचलली.

गाडीवर सोडून परत आले तेव्हा संध्याकाळ व्हायची होती. दवाखान्यात जाऊन त्यांनी लिफ्टची विचारपूस केली. घरी येऊन चहा टाकला, दोन कपांचा. मग एकाचं दूध परत भांड्यात ओतलं. पलंगावर बसून पाहिलं. उठून पाहिलं. दिवा सांगितल्यासारखा वागत होता. सोमवारी दुपारी चिऊचा फोन आला. आई पोचली, उशाचा तांब्या तिने हलवला, आता पाणी मागितल्याशिवाय मिळत नाही. चिऊ हसत होती. मग काकूंनी फोन घेतला आणि एवढंच विचारलं, कपाळ शाबूत आहे ना?

त्याच आठवड्यात कोपऱ्यावरचा वायरमन डोकावला. गल्लीत इतकं ऐकलं होतं, एकदा बघावं म्हणून आला. मिस्त्रींनी त्याला सगळं दाखवलं, पट्ट्या, साखळी, फडक्यातली घंटी, दुहेरी शिलाईची खोळ. तो बघतच राहिला. काका, म्हणाला, दोन बटणांत झालं असतं, पण हे बघायला मिळालं नसतं. मग त्याची नजर पॅनेलच्या दारावर गेली. एवढं नेटकं काम, आणि दार मात्र उघडं; मध्ये कसलीशी लाल चिंधी अडकलेली. त्याच्यातला कारागीर गप्प बसेना. फास आत सारून दार लावून घ्यावं म्हणून त्याने हात पुढे केला.

मिस्त्रींनी त्याचा हात अलगद धरला.

“राहू द्या,” ते म्हणाले. “काम चालू आहे.”